शून्य आणि मौन : मोटारीच्या वेगनियामकाकडून मिळणाऱ्या संकेतांचा इतिहास

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव तेथील किल्ल्यामुळे परिचित आहे. परंतु ह्या परिसराचे खरे वैभव तलाव आणि धान हेच होय. पूर्व विदर्भातील हे तलाव मुख्यत्वे कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिले. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, तरी 'माजी मालगुजारी' ह्या बिरुदाच्या आद्याक्षरांवरून त्यांना आजही 'मामा तलाव' म्हणतात. तलावातून पाणी सोडण्याचे जे द्वार, त्यास येथील बोलीत 'तुडुम' असे नाव असून पाण्याची वाटणी पाहणारा तो 'पाणकर'. पाणकराचे काम दुहेरी असते. तुडुम किती उघडावे हे ठरविणे हा त्याचा एक भाग. आणि सोडलेले पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचले की नाही, ही वार्ता पायी जाऊन परत आणणे हा दुसरा. पहिल्या कामाविषयी पुष्कळ लिहिले जाते, दुसऱ्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. तथापि अडचण उद्भवते ती बहुधा दुसऱ्यातच. पाणकर परतलाच नाही, तर तलावाच्या पाळीवर उभ्या असलेल्या मनुष्याने काय समजावे? पाणी पोचले, म्हणून तो निश्चिंतपणे तिकडेच थांबला. की वाटेत पाट फुटला, म्हणून तो अडकून पडला?

प्रस्तुत लेखाचा विषय तलाव हा नसून विजेच्या मोटारीचा वेगनियामक, म्हणजे कारखान्यांत ज्यास सरसकट 'ड्राइव्ह' म्हणतात ते यंत्र, हा आहे. परंतु प्रश्न तोच आहे. ड्राइव्हचा इतिहास सामान्यतः शक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : मोटारीस किती वीज द्यावी, कशी द्यावी, ती कोणत्या साधनाने तोडावी-जोडावी. त्याच पेटीतून काही बारीक तारा बाहेर निघतात आणि मोटार चालू आहे किंवा नाही, किती वेगाने चालली आहे, काही बिघाड झाला आहे काय, हे दुसरीकडे कळवितात. ह्या तारांचा इतिहास निराळा आहे आणि तो शक्तीच्या इतिहासातून आपोआप निष्पन्न होत नाही. परिभाषेत 'आउटपुट' ह्या शब्दास 'प्रदान' असा पर्याय सुचविला गेला आहे. पण पॅनेल जोडणाऱ्या कारागिराच्या तोंडी मी तो कधी ऐकला नाही. म्हणून पुढील विवेचनात 'आउटपुट' हाच शब्द ठेवला आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ बहुतेक ग्रंथांप्रमाणे जेम्स वॉटपासूनच करावा लागतो. वॉटने १७८८ साली आपल्या वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटे. वेग घटला की गोळे खाली येत आणि झडप उघडे. ही रचना इतकी सुबोध आहे की तिचे कौतुक करण्याच्या भरात तिच्यातील एक उणीव नजरेआड होते. गोळ्यांना फिरविणारी गती एंजिनाच्या दंडापासूनच घ्यावी लागे, आणि पुष्कळ एंजिनांत ती एका पट्ट्याने घेतली जाई. हा पट्टा तुटला अथवा पुलीवरून उतरला, तर गोळे थांबत व खाली येत. नियामकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच होता : एंजिन मंदावले आहे, झडप पूर्ण उघडावी. वास्तविक एंजिन पूर्ण वेगात असे. आणि आता त्यास आणखी वाफ मिळे. एंजिन बेफाम सुटून त्याचे गतिपालचक्र फुटण्याचे प्रसंग एकोणिसाव्या शतकात घडले, त्यांच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते. १८४९ च्या पेटंटानंतर प्रसार पावलेल्या कॉर्लिस एंजिनांत ह्यावर उपाय योजलेला आढळतो. गोळे नेहमीच्या खालच्या मर्यादेच्याही खाली आले, तर झडपा उघडूच नयेत, अशी सोय त्यांत असे. म्हणजे गोळ्यांच्या दोन स्थितींना दोन निरनिराळे अर्थ देण्यात आले. थोडे खाली आले तर 'वेग कमी आहे'. अगदी तळाला गेले तर 'माझे बोलणे आता प्रमाण मानू नका'.

नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून वाफेच्या बळावर चालणारा मोठा कारखाना ह्या प्रदेशाने जवळून पाहिला. पुढल्या काही वर्षांत पूर्वेकडील रेल्वेमार्ग भंडारा जिल्ह्यातून गेला. रेल्वेने एंजिनाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती, ती म्हणजे सिग्नलाची विचारपद्धती.

इंग्लंडमध्ये २१ जानेवारी १८७६ रोजी ॲबट्स रिप्टन येथे हिमवादळात भीषण अपघात झाला. तत्कालीन प्रथेप्रमाणे सिग्नलाचा हात एरवी 'मार्ग मोकळा' ह्याच स्थितीत राही, आणि धोका असेल तेव्हाच तो बदलीत. त्या दिवशी बर्फ साचल्यामुळे हात मोकळ्या स्थितीतच गोठून राहिले. सिग्नल-घरातून तरफ ओढली गेली, पण चालकांना दिसले ते मोकळ्या मार्गाचे चिन्ह. ह्या अपघातानंतर धोक्याची स्थिती हीच सिग्नलाची स्वाभाविक स्थिती मानण्याचा नियम दृढ झाला. त्याच्या चार वर्षे आधी, १८७२ साली, अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन ह्यांनी रुळांतून वाहणाऱ्या विद्युत्‌प्रवाहाची योजना मांडली होती. रुळांच्या एका टोकास बॅटरी आणि दुसऱ्या टोकास रिले. मार्ग मोकळा असताना प्रवाह अखंड वाहतो आणि रिले ओढलेला राहतो. गाडीची चाके रुळांवर आली की प्रवाह त्यांतूनच परत फिरतो, रिले सुटतो आणि धोका दर्शविला जातो. ह्या योजनेतील मर्म असे की, बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळच भंगला, तरीही रिले सुटतोच. धोका सांगण्यासाठी काही पाठवावे लागत नाही. क्षेम सांगण्यासाठी मात्र सतत पाठवीत राहावे लागते. माझ्या मते, ड्राइव्हच्या टर्मिनल-पट्टीवरील रिलेचे खरे कुळ वॉटच्या गोळ्यांपेक्षा रॉबिन्सनच्या रुळांत शोधले पाहिजे.

विजेच्या मोटारीकडे वळताना हा धडा पुन्हा नव्याने शिकावा लागला. हॅरी वॉर्ड लिओनार्ड ह्यांनी १८९१ साली एक जनित्र व एक मोटार ह्यांची जोडी बसवून, जनित्राच्या चुंबकक्षेत्रातील अल्प प्रवाह बदलून मोटारीचा वेग हवा तसा बदलण्याची पद्धती दिली. खाणींतील पाळणे, लिफ्ट, कागद-गिरण्या आणि लोखंड लाटणारी यंत्रे ह्यांत ती अर्धशतकाहून अधिक काळ राबली. वेग अचूक राखावयाचा तर तो मोजला पाहिजे. त्यासाठी मोटारीच्या दंडावर एक लहान जनित्र बसवीत, ज्यास टॅकोजनरेटर म्हणतात. त्याचा विद्युत्‌दाब वेगाच्या प्रमाणात असतो. मोटार थांबली की दाब शून्य.

आणि तार तुटली तरीही दाब शून्य! येथे वॉटच्या पट्ट्याचीच कथा तांब्याच्या तारेत पुन्हा अवतरते. टॅकोजनरेटरची तार निसटली की नियामकाची समजूत होते, मोटार थांबली आहे. तो अधिकाधिक दाब देत जातो. आणि मोटार मर्यादेबाहेर धावते. दिष्ट प्रवाहाच्या मोटारींवर काम केलेल्या प्रत्येक जुन्या कारागिरास हे भय ठाऊक असते. पुढे नियामकांत असा तपास घालण्यात आला की, आर्मेचरवर पुरेसा दाब असूनही टॅकोजनरेटर शून्य सांगत असेल, तर ते शून्य खरे न मानता यंत्र बंद करावे. कॉर्लिसच्या रचनेशी ह्याचे साम्य उघड आहे. एकाच्या शब्दाची शहानिशा दुसऱ्याच्या साक्षीने केल्यावाचून शून्य आणि मौन ह्यांत भेद करता येत नाही.

ह्याहून वेगळी वाट रासायनिक व तेल-शुद्धीकरणाच्या उद्योगांत सापडली. तेथे दाब, तापमान, प्रवाह ह्यांची मापे विजेने नव्हे, तर हवेच्या नळ्यांनी दूर पाठवीत. ह्या हवेच्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड अशी रूढ झाली. मापाचे शून्य म्हणजे ३ पौंड. ह्याचे एक कारण यांत्रिक होते : अगदी कमी दाबावर ती उपकरणे नीट प्रमाणात चालत नसत. परंतु त्यापासून झालेला लाभ कारणापेक्षा मोठा ठरला. नळी फुटली तर दाब तिनाच्या खाली जाई, आणि अशी स्थिती कोणत्याही खऱ्या मापाची असूच शकत नसे. हवेऐवजी वीज आली तेव्हा काही काळ १० ते ५० मिलिअँपिअरची पद्धतीही चालली. अखेर ४ ते २० मिलिअँपिअर ही मर्यादा सर्वमान्य झाली व १९७५ साली अमेरिकेतील उपकरण-संस्थेच्या मानकात ती नमूद झाली. तीन आणि पंधरा, चार आणि वीस ह्या दोन्ही जोड्यांत एकास पाच हेच गुणोत्तर आहे. हवेची परंपरा विजेत उतरल्याची ही खूण म्हणता येईल. अशा शून्यास 'जिवंत शून्य' म्हणतात. नाव काहीसे चमत्कारिक वाटले तरी यथार्थ आहे. पुढे जर्मनीतील नामुर संघटनेने त्यातही सूक्ष्म भेद केले : ३.६ मिलिअँपिअर वा त्याखाली, किंवा २१ मिलिअँपिअर वा त्यावर प्रवाह गेला, तर ते माप नसून बिघाडाची वर्दी समजावी.

ड्राइव्हच्या इतिहासात हे सर्व प्रवाह एकत्र आले ते थायरिस्टरनंतर. १९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर तयार झाला. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने १९६८ साली 'व्हीएलटी ५' हा वारंवारता बदलणारा नियामक मोठ्या संख्येने बनविण्यास प्रारंभ केला. आणि १९८० नंतरच्या काळात, ज्याच्या विकासात जयंत बालिगा ह्यांचा वाटा अग्रगण्य आहे तो आयजीबीटी, ह्या यंत्रांत आला. येणारी वीज प्रथम दिष्ट करावयाची आणि तिचेच अतिशय लहान तुकडे पाडून हव्या त्या वारंवारतेची वीज घडवावयाची, हे त्याचे तत्त्व. ह्या यंत्राच्या टर्मिनल-पट्टीकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर ती एखाद्या उत्खननातील थरांसारखी दिसते. रिलेची तीन टर्मिनले रेल्वे आणि तारायंत्राकडून आलेली. ४ ते २० मिलिअँपिअरचे आउटपुट रसायन-उद्योगाकडून. ० ते १० व्होल्टचे प्रयोगशाळेतील मापकांच्या वळणाचे. ट्रान्झिस्टरचे आउटपुट संगणनयंत्रांच्या युगातील. आणि १९७९ साली निघालेली मॉडबस ही अंकभाषा त्यावरचा नवा थर. नवीन थर आले म्हणून जुने नाहीसे झाले नाहीत. ते शेजारी शेजारी नांदतात, आणि जोडणाऱ्यास त्या प्रत्येकाचा धर्म ठाऊक असावा लागतो.

आता सानगडीच्या परिसराकडे परत येऊ. धानाच्या ह्या पट्ट्यात भातगिरणी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील 'राईस मिल', हाच यंत्रांचा परिचित संसार होय. धान सोलणारे यंत्र, तांदूळ पांढरा करणारे पॉलिशर, माल वर चढविणारे बादल्यांचे एलेव्हेटर, तूस ओढून नेणारा पंखा, असा हा परिवार असतो. पॉलिशरवरील माणूस अँपिअर-मापकाच्या काट्यावर नजर ठेवून दाब कमीजास्त करतो. काटा चढला तर तांदूळ जास्त घासला जातो व तुटतो. उतरला तर तो नीट पांढरा होत नाही. तुटलेल्या तांदळाची कणी होते, आणि कणीचा भाव अखंड तांदळाच्या भावाहून कमी असतो. गिरणीवाल्याच्या दृष्टीने तो काटा म्हणजे पैशाचाच काटा. अशा गिरणीत ड्राइव्ह आला, म्हणजे त्या काट्याचे स्थान त्याच्या अॅनालॉग आउटपुटाने घ्यावयाचे असते. वर सांगितलेला इतिहास ज्यास अवगत नाही तो येथे कसा फसतो, हे आकड्यांनीच पाहावे.

समजा, ड्राइव्हचे आउटपुट वारंवारता सांगण्यास नेमले असून ४ मिलिअँपिअर म्हणजे ० हर्ट्‌झ व २० मिलिअँपिअर म्हणजे ५० हर्ट्‌झ असे ठरविले आहे. मोटार ३५ हर्ट्‌झवर चालत असता आउटपुट ४ अधिक १६ गुणिले ३५ भागिले ५०, म्हणजे १५.२ मिलिअँपिअर देईल. मापकावरची मर्यादा मात्र कोणी ० ते २० ठेवली असेल, तर तो ३८ हर्ट्‌झ दाखवील. ह्या चुकीचा संशय येणेही कठीण. मोटार थांबल्यावर मात्र मापक १० हर्ट्‌झ दाखवीत राहतो, आणि तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात येते. उलट प्रकार अधिक वाईट. ड्राइव्ह ० ते २० पाठवीत असेल आणि ऐकणारा ४ ते २० समजत असेल, तर ३५ हर्ट्‌झवर १४ मिलिअँपिअर निघतात व ऐकणारा ३१.२५ वाचतो, आणि १० हर्ट्‌झखालील सर्व वेगांवर तार तुटल्याची खोटी ओरड होते. अशी ओरड काही वेळा झाली की कारागीर ती वर्दीच बंद करून टाकतो. जिवंत शून्याचा जो एकमेव उपयोग, तोच असा आपल्या हातांनी मारला जातो.

दुसरी चूक ह्याहून खोल आहे. ड्राइव्ह जी वारंवारता सांगतो ती त्याने दिलेली वारंवारता असते; यंत्राचा वेग नव्हे. पन्नास हर्ट्‌झवर चार ध्रुवांच्या मोटारीचे चुंबकक्षेत्र मिनिटास १५०० फेरे घेते, परंतु पूर्ण भारावर दंड सुमारे १४४० च घेतो. हा फरक सोडून देता येईल. पण मोटारीवरून पॉलिशरला जाणारा पट्टाच तुटला, तर? ड्राइव्ह निर्विकारपणे ५० हर्ट्‌झ सांगत राहील. तो खोटे बोलत नाही. त्यास विचारले तेवढेच तो सांगतो. तुटलेला पट्टा प्रवाहात मात्र तत्काळ दिसतो, कारण भार गेल्यावर प्रवाह झपाट्याने उतरतो. म्हणून जेथे पट्टा आहे तेथे आउटपुटास वारंवारतेऐवजी मोटारीचा प्रवाह किंवा भार सांगण्याचे काम नेमणे श्रेयस्कर. पॉलिशरवरील जुना माणूस अँपिअरच्या काट्याकडे पाही, वेगाच्या नव्हे. त्याची निवड शास्त्राच्या दृष्टीनेही बिनचूक होती, आणि नवे यंत्र बसविताना ती अडाणी सवय म्हणून टाकून देणे हा शुद्ध अन्याय होईल.

रिलेच्या बाबतीत रॉबिन्सनचा विचार शब्दशः लागू पडतो. रिलेस तीन टर्मिनले : एक सामाईक, एक एरवी उघडे व एक एरवी मिटलेले. पुष्कळ ड्राइव्हांत रिलेला 'बिघाड झाला की ओढला जा' असे काम कारखान्यातूनच लावून दिलेले असते. वरवर पाहता हे स्वाभाविक वाटते. परंतु ड्राइव्हचा स्वतःचा वीजपुरवठाच गेला, तर रिले ओढणार कोण? मोटार थांबते आणि बिघाडाचा संकेत निघत नाही. ॲबट्स रिप्टनच्या गोठलेल्या हातासारखीच ही अवस्था आहे. म्हणून काम उलट नेमावे : यंत्र सुस्थितीत असेतोवर रिले ओढलेला राहील आणि बिघाड किंवा वीजलोप ह्यांपैकी काहीही झाले तरी सुटेल. मग एलेव्हेटरच्या कॉन्टॅक्टरची तार ह्या रिलेच्या एरवी उघड्या टर्मिनलातून न्यावी. पॉलिशर थांबला, त्याच्या ड्राइव्हची वीज गेली किंवा मधली तार उंदराने कुरतडली, तरी धान वर चढविणारा एलेव्हेटर थांबेल व माल तुंबणार नाही. भोंगा आणि दिवा ह्यांतही असाच भेद आहे. बिघाड झाल्यावर वाजणारा भोंगा तुटलेल्या तारेतून वाजू शकत नाही. सुस्थितीत जळणारा हिरवा दिवा मात्र कोणत्याही कारणाने विझू शकतो. दोन्ही लावावेत, एकच लावावयाचा झाल्यास दिवा लावावा.

ह्या तत्त्वालाही मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यातील प्रवाह तुटताना उडणाऱ्या ठिणगीने रिलेचा संपर्कबिंदू चिकटून बसला, तर रिले सुटूनही मार्ग मिटलेलाच राहतो. रेल्वेने ह्यासाठी न चिकटणारे कार्बनचे संपर्कबिंदू वापरले. ड्राइव्हमधील इवल्या रिलेत ती सोय नाही. त्यामुळे वेटोळ्यावर प्रत्यावर्ती प्रवाहासाठी रोध व धारित्र ह्यांची जोडी, दिष्ट प्रवाहासाठी डायोड लावणे आवश्यक ठरते. आणि मनुष्याच्या हाताचे रक्षण करण्याचे काम अशा एकट्या रिलेवर कदापि सोपवू नये. त्यासाठी स्वतंत्र बंद-कळ आणि स्वतंत्र वायरिंगच पाहिजे.

ट्रान्झिस्टर आउटपुटाची कथा थोडक्यात संपते. जपानी परंपरेच्या यंत्रांत प्रवाह आत ओढून घेणारे आउटपुट अधिक, युरोपीय परंपरेत प्रवाह बाहेर देणारे. आपल्याकडील एकाच पॅनेलात दोन्ही घराण्यांची यंत्रे एकत्र येतात, आणि मग जोडणी बरोबर दिसूनही संकेत पोचत नाही. वायरमन यंत्रास दोष देतो. दोष असतो सोयरिकीचा.

गोंगाटाचा प्रश्न मात्र सर्वस्वी आधुनिक आहे. आयजीबीटी सेकंदास कित्येक हजार वेळा वीज तोडतो-जोडतो, आणि त्याचे पडसाद शेजारच्या तारांत उमटतात. वॉर्ड लिओनार्डच्या काळी एकाच नळीतून शक्तीची व संकेताची तार नेणाऱ्यास फारशी शिक्षा होत नसे. आज ती हमखास होते. संकेताच्या तारा मोटारीच्या तारांपासून दूर, वेगळ्या मार्गाने न्याव्यात. ओलांडणे अटळ असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. अॅनालॉग संकेतासाठी जाळीदार आवरणाची पिळलेली जोडी वापरावी आणि ते आवरण सामान्यतः एकाच टोकास जमिनीशी जोडावे. लांब अंतरासाठी व्होल्टांपेक्षा मिलिअँपिअर बरे, कारण तारेच्या रोधामुळे दाब घटतो, पण एकाच वाटेने जाणारा प्रवाह दोन्ही टोकांस तेवढाच राहतो. ऐकणाऱ्याच्या टोकास २५० ओहमचा रोध ठेवला की ४ ते २० मिलिअँपिअरचे १ ते ५ व्होल्ट होतात, आणि जिवंत शून्य तेथेही जिवंतच राहते.

मॉडबसच्या दोन तारांतून वेग, प्रवाह, तापमान, बिघाडाचा क्रमांक असे सर्व काही विचारता येते. तथापि तेथेही जुना प्रश्न निमूटपणे उभा राहतो. उत्तर आले नाही, तर पडद्यावरचा शेवटचा आकडा पुसला जातो की तसाच राहतो? पुष्कळ ठिकाणी तो तसाच राहतो.

जोडणी पुरी झाल्यावर ती तपासण्याची एक जुनी रीत आहे. गिरणी रिकामी चालवावी, एलेव्हेटरवर माल नसावा. प्रथम ड्राइव्हची नियंत्रण-वीज बंद करावी आणि हिरवा दिवा विझतो काय, एलेव्हेटर थांबतो काय, हे पाहावे. नंतर वीज पूर्ववत करून अॅनालॉग आउटपुटाची एक तार टर्मिनलातून सोडवावी व मापकाकडे पाहावे. काटा शून्यावर येऊन स्थिरावला, तर नेमणूक चुकली आहे. तो शून्याच्या खाली गेला, तर तार पुन्हा घट्ट बसवावी, आणि कोणत्या टर्मिनलास कोणते काम नेमले आहे ते कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावे.